उसवण्यापासून सुरुवात

मराठीतलं 'विणणे' हे क्रियापद फार उदार आहे. बाज विणतात, टोपली विणतात, घोंगडी विणतात आणि स्वेटरही विणतात. भाषेचं त्यात काही अडत नाही. पण सुया घेऊन एकट्याने शिकायला बसणाऱ्याने एक फरक आधी डोळ्यांनी पाहून घ्यावा. मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. स्वेटरमध्ये उभं-आडवं काही नसतं. एकच धागा, त्याचा एक फास, आणि त्या फासातून ओढून काढलेला पुढचा फास. म्हणूनच शेवटचं टोक मोकळं करून ओढलं, की अख्खी बाही पुन्हा गुंड्यावर गुंडाळता येते. शिवणाऱ्याला कात्री लावण्याआधी दहादा विचार करावा लागतो. विणणाऱ्याला ती धास्ती नाही. हे काम गुरूशिवाय शिकता येतं असं मी म्हणते, ते या उसवण्याच्या भरवशावर.

ही सोय मुळापासून होती असं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत. काळ इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातला. चपलेचा पट्टा बसावा म्हणून अंगठा वेगळा काढलेला. असे मोजे पाहून अनेकांना ते दोन सुयांवरचेच वाटले. प्रत्यक्षात ते नाळबाइंडिंग नावाच्या तंत्राचे: एकच नेढ्याची सुई आणि प्रत्येक टाक्यातून धाग्याचं पूर्ण टोक आरपार. ते सरसर उसवत नाही. दोन सुयांचं खरं विणकाम इजिप्तमधल्याच सुती मोज्यांत दिसतं, पण कित्येक शतकांनंतर. क्रोशा तर अगदी अलीकडचा. त्याचे ठोस पुरावे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपलीकडे फारसे जात नाहीत. हाताच्या विणकामाचा मोठा इतिहास १९८७ साली लिहिला तो रिचर्ड रट यांनी, आणि ते इंग्लंडातल्या लेस्टरचे बिशप होते. (तुमच्या हातातलं हे पुस्तक घरच्यांची नजर चुकवून उघडणाऱ्या पुरुष वाचकांसाठी ही नोंद मुद्दाम.)

क्रोशा भारतात पसरला त्यात मिशनऱ्यांचा हात मोठा. आंध्रातल्या नरसापूरला त्याचा घरोघरी चालणारा धंदा झाला. मारिया मीस यांचं त्यावरचं पुस्तक १९८२चं. लेस परदेशी जात होती, व्यापारी कमावत होते, आणि ती विणणाऱ्या बायका मात्र 'घरीच तर बसलेल्या असतात' म्हणून हिशेबात धरल्या जात नव्हत्या, हे त्यात वाचायला मिळतं. आपल्याकडे दारावरचं तोरण, ताटावरचा रुमाल किंवा बाळंतविड्यातलं टोपडं विणणाऱ्या बाईलाही 'दुपारचा वेळ बरा जातो' एवढंच ऐकावं लागलं. अभ्यासाचा विषय म्हणून याकडे पाहायला उशीर झाला, त्याचं एक कारण हे.

आता पुस्तकावरून शिकणाऱ्याची खरी अडचण. ती बोटांत कमी आणि नावांत जास्त असते. आपल्या दुकानांतल्या सुयांना बहुधा जुने ब्रिटिश नंबर असतात: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १२ नंबरची पावणेतीन. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटं, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. नमुना तिकडचा आणि सुया इकडच्या घेतल्या, तर स्वेटर भलत्याच मापाचा होणार. क्रोशात गोंधळ आणखी वाईट. ब्रिटिश लोक ज्या उंच टाक्याला ट्रेबल म्हणतात त्यालाच अमेरिकन डबल म्हणतात. आपल्या आज्यांनी या भांडणात न पडता त्या उंच टाक्याला 'खांब' म्हटलं. खांब दिसतो खांबासारखा, कुठल्याही देशात. या पुस्तकात तोच शब्द ठेवला आहे.

माझा पहिला मफलर २४ टाक्यांवर सुरू झाला आणि वीतभर होईतो ३७ टाक्यांवर गेला. एकही टाका मी जाणूनबुजून वाढवला नव्हता. आठवडाभर मी लोकरीला दोष दिला. मग एका संध्याकाळी विणणं थांबवून कडेचा पहिला टाका नुसता निरखला. काम उलटवताना धागा मी सुईवरून मागे टाकत होते. त्या ओढीने खालचा टाका वर यायचा, त्याचे दोन पाय सुईवर दोन टाक्यांसारखे बसायचे, आणि मी भाबडेपणाने दोन्ही विणायचे. धागा सुईखालून मागे नेला आणि वाढ थांबली. कोणी शेजारी बसून चूक दाखवली असती तर अर्ध्या मिनिटात सुटली असती, पण टाका वाचायला मी शिकले नसते.

क्रोशाच्या गोल रुमालाचीही अशीच गंमत. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६ असे गेलात तर रुमाल सपाट बसतो. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की कडेला झालर येते. ही झालर पाहून नवशिके हिरमुसतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टाइमिना यांनी १९९७ साली नेमकी हीच वाढ मोजून-मापून केली आणि हायपरबोलिक भूमितीचं, हातात धरता येईल असं टिकाऊ प्रतल क्रोशाने विणून दाखवलं. तुमचा बिघडलेला रुमाल त्याच जातकुळीतला आहे; फेकू नका, खांब मोजा.

दोन सुया आणि क्रोशा एकाच पुस्तकात का, असं कोणी विचारेल. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो, दोन सुयांत सगळी ओळ. म्हणून धांदरट माणसाने क्रोशापासून सुरुवात करावी. मी केली नाही, हे वर आलंच. शिवाय दोन सुयांवरचा टाका सुटला, की त्याला वर आणायला क्रोशाचीच सुई लागते. पहिल्या प्रकरणात, वीस ओळी विणून झाल्यावर, मधला एक टाका मुद्दाम सोडायला सांगितलं आहे. हळूच ताणा. टाका घरंगळत खाली जाईल आणि मागे आडव्या धाग्यांची शिडी उरेल. क्रोशाची सुई आधीच हाताशी ठेवा, आणि तळाच्या फासातून एकेक पायरी वर ओढत या.