सनद आणि पदवी

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडे आहे, पण ती नसती तरी कोड लिहायला मला कायद्याने कोणी अडवलं नसतं. वकिलीत तसं नाही. कायद्याची पदवी नाही तर वकिली नाही. हा नियम मात्र आपल्याला वाटतो तितका जुना नाही.

मुंबई इलाख्यात १८२७च्या एल्फिन्स्टन संहितेपासून वकिलाला लागायची ती सनद. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ साली. पुढे एलएल.बी. झालेले वकील येऊ लागले, तरी जिल्हा न्यायालयांत काम करण्यासाठी वकिलीची वेगळी परीक्षाही होती. अभ्यास कुठे केला यापेक्षा परीक्षा उतरलात का, याला तिथे महत्त्व होतं.

गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, याच वाटेने आले. त्यांचा जन्म १८२८चा. विद्यापीठ निघालं तेव्हा ते तिशीला टेकले होते. त्यांनी आधी कोर्टात कारकुनी केली, मग वकिलीची परीक्षा दिली. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा उभी करताना त्यांनी सभासदांसाठी एक अट घातली: लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. कोर्टातला कागद त्यांनी राजकारणात आणला. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बचावालाही काकाच उभे राहिले.

टिळक स्वतः एलएल.बी. होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर पोटासाठी त्यांनी पुण्यात लॉ क्लास चालवला. वकिलीच्या परीक्षेला बसणारी मुलं तिथे शिकत.

ही वाट सगळ्यांना सारखी खुली होती, असं म्हणता येणार नाही. पुस्तकं, फी आणि अभ्यासाला लागणारी फुरसत ज्यांच्या घरी होती, तेच बहुतेक तिथवर पोचले. पण नियमाने तरी पुरुषांना दार बंद नव्हतं.

१९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने वकील, प्लीडर, मुखत्यार हे जुने भेद मोडीत काढले आणि नव्याने येणाऱ्यांसाठी कायद्याची पदवी हीच वाट ठेवली. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनी आणखी एक कडी घातली. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ शाळा सुटलेल्यांना पूर्वतयारी करून घेऊन पदवीपर्यंत नेतं. लॉ कॉलेजच्या दाराशी मात्र तीच पदवी अडते.

गाळणी हवीच. माझ्या कोडमधली चूक बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. वकिलाच्या चुकीने माणूस तुरुंगात जातो. पण त्यासाठी कठीण परीक्षा आणि अनुभवी वकिलाच्या हाताखालची उमेदवारी पुरणार नाही का? अमेरिकेत कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या राज्यांत लॉ स्कूलमध्ये न जाता, वकिलाकडे किंवा न्यायाधीशाकडे काही वर्षं शिकून बार परीक्षेला बसता येतं. परीक्षा सगळ्यांना तीच.

आज काका असते तर कोर्टात कारकून म्हणूनच निवृत्त झाले असते. आपल्या कोर्टांत आज असे किती कारकून बसले असतील?