खरखर: व्हॉल्व्हपासून 24 बिटांपर्यंत

ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजेच एडीसी, सेन्सरकडून आलेल्या व्होल्टेजचा आकडा करून देतो. सेन्सर आणि एडीसी यांच्यामधल्या ॲम्प्लिफायर, फिल्टर, रेझिस्टर वगैरे मंडळींना मिळून फ्रंट-एंड म्हणतात. एडीसी जितका बारीक मोजणारा, तितकी या मंडळींची स्वतःची खरखर महाग पडते. ती येते कुठून, याचा शोध एडीसीच्या जन्माआधीच सुरू झाला होता, आणि त्या शोधात दर पिढीला संशयित बदलत गेला.

पहिला संशय व्हॉल्व्हवर होता. एकामागे एक व्हॉल्व्ह जोडत गेले, तर कितीही क्षीण संदेश हवा तेवढा मोठा करता येईल असे वरवर वाटे. 1918 मध्ये जर्मनीत वॉल्टर शॉट्की यांनी या वाढीला मूलभूत मर्यादा असल्याचे दाखवले. विद्युतप्रवाह सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असतो. ते प्लेटवर अनियमितपणे आदळतात आणि त्यातूनच प्रवाहात चढउतार होतात. याला शॉट नॉइज हे नाव पडले. उष्णतेमुळेही असे चढउतार होणार, हे त्यांनी त्याच लेखात सांगितले होते. मोजून दाखवण्याचे काम मात्र अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन जॉन्सन यांनी केले.

जॉन्सन यांना आधी, 1925 मध्ये, वेगळाच प्रकार आढळला. कमी फ्रिक्वेन्सीला व्हॉल्व्हची खरखर शॉट्की यांच्या हिशेबापेक्षा पुष्कळ जास्त भरत होती, आणि फ्रिक्वेन्सी उतरेल तशी वाढत होती. हाच पुढे फ्लिकर किंवा ‘वन बाय एफ’ नॉइज म्हणून कुप्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांनी ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी निरनिराळे रेझिस्टर लावून पाहिले: कार्बन, तांब्याची आणि प्लॅटिनमची तार, इतकेच काय, क्षारांच्या द्रावणाने भरलेल्या बारीक काचनळ्यासुद्धा. पदार्थ कोणताही असो, रोध आणि तापमान सारखे असले की खरखरही सारखीच. त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी याची सैद्धांतिक उपपत्ती मांडली आणि 1928 मध्ये दोघांचे लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’त लागोपाठ आले. योगायोग असा की दोघेही जन्माने स्वीडिश. नॉइजवरून जॉन्सन यांनी बोल्ट्झमन स्थिरांकही काढला. तो आजच्या किमतीपासून 10 टक्क्यांच्या आतच होता. 2019 मध्ये हा स्थिरांक कायमचा ठरवण्यात आला, त्यासाठी वापरलेल्या मोजमापांत रेझिस्टरच्या नॉइजवरून केलेली मोजणीही होती.

सूत्र सोपे आहे. नॉइज व्होल्टेजचा वर्ग रोध, निरपेक्ष तापमान आणि बँडविड्थ या तिघांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. खोलीच्या तापमानाला 1 किलोओहम रेझिस्टर सुमारे 4 नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ देतो, 10 किलोओहम सुमारे 13. रेझिस्टर कितीही महागाचा आणला तरी हा आकडा कमी होत नाही.

यानंतर 1944 मध्ये हॅराल्ड फ्रिस यांनी रिसीव्हरच्या नॉइजचा हिशेब मांडला. साखळीतल्या पहिल्या टप्प्याची वाढ पुरेशी असेल तर एकूण नॉइज जवळपास त्या एका टप्प्यावरच ठरतो. फ्रंट-एंडची सगळी विद्या या एका निष्कर्षावर उभी आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. त्यांचे कमी नॉइजचे ॲम्प्लिफायर खाली इमारतीत न ठेवता डिशच्या नाभीजवळ (फोकसजवळ) बसवलेले आहेत, ते याच कारणाने.

फ्लिकर नॉइजवरचा उपाय रेडिओवाल्यांपेक्षा ॲनालॉग कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना जास्त हवा होता, कारण त्यांना अतिशय संथ बदलणारे व्होल्टेज लागत. 1949 च्या सुमारास आरसीए कंपनीतील एडविन गोल्डबर्ग यांनी नेहमीच्या ॲम्प्लिफायरला चॉपर ॲम्प्लिफायरची जोड दिली. थरथरणाऱ्या रिलेने संथ व्होल्टेजचे तुकडे करायचे, ते उच्च फ्रिक्वेन्सीला, म्हणजे फ्लिकरच्या टापूबाहेर वाढवायचे आणि पुन्हा सरळ करायचे. युक्ती बेरकी होती. आजही ती जशीच्या तशी चालते, रिलेच्या जागी ट्रान्झिस्टर आले एवढेच.

दरम्यान एडीसी अवतरले. 1948 मध्ये बेल लॅबोरेटरीजच्याच विल्यम बेनेट यांनी आकडेबंदीतून, म्हणजे व्होल्टेज जवळच्या पायरीवर बसवल्याने, होणाऱ्या चुकीला नॉइज मानून तिचा हिशेब मांडला: एका पायरीच्या उंचीला 12 च्या वर्गमुळाने भागावे. 1954 मध्ये बर्नार्ड गॉर्डन यांच्या एप्सको कंपनीने डॅट्रॅक हा व्हॉल्व्हवर चालणारा एडीसी बाजारात आणला. 11 बिट, सेकंदाला 50,000 नमुने, सुमारे 500 वॅट वीज आणि वजन 68 किलोच्या आसपास. 10 व्होल्टांचा पल्ला धरला तर 11 बिटांची एक पायरी जवळजवळ 5 मिलिव्होल्टांची होते. या पायरीपुढे ॲम्प्लिफायरच्या खरखरीची कोणाला फिकीर असणार? त्या काळात सर्वांत मोठा गोंगाट खुद्द एडीसीचाच होता, आणि फ्रंट-एंडवाल्यांना बरीच वर्षे उसंत मिळाली.

ती उसंत दोन बाजूंनी संपली. एकीकडे चिपवरचे ऑप-ॲम्प, म्हणजे ऑपरेशनल ॲम्प्लिफायर, सुधारले. 1975 मध्ये जॉर्ज अर्डी यांचा ओपी-07 आला, पाठोपाठ 3 नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झचा ओपी-27. 1980 च्या दशकातल्या एलटी-1028 ची जाहिरातच अशी होती की याचा व्होल्टेज नॉइज 50 ओहम रेझिस्टरपेक्षाही कमी आहे. असा ऑप-ॲम्प घेऊन त्याला 10 किलोओहमच्या रेझिस्टरांची साथ देणे हा नवशिक्यांचा नेहमीचा घोळ. रेझिस्टरच तिप्पट-चौपट नव्हे, दहापटीहून अधिक खरखर करतो. शिवाय ऑप-ॲम्पच्या इनपुटमधला सुमारे 1 पिकोॲम्पिअर प्रति रूट हर्ट्झचा करंट नॉइज त्याच रेझिस्टरवर आणखी 10 नॅनोव्होल्ट उभे करतो. मोठ्या रोधाच्या सेन्सरला त्यामुळे करंट नॉइज नगण्य असलेला एफईटी इनपुटचा, कागदावर जास्त गोंगाटी दिसणारा भागच बरा पडतो.

दुसरीकडे डेल्टा-सिग्मा पद्धत. बेल लॅबोरेटरीजच्या कॅसियस कटलर यांनी 1954 मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या कल्पनेतून आणि 1962 मध्ये जपानचे इनोसे, यासुदा व मुराकामी यांनी मांडलेल्या रचनेतून ती घडली. एका बिटाने, पण गरजेपेक्षा कितीतरी पट वेगाने मोजायचे. फीडबॅकने बेनेट यांचा नॉइज वरच्या फ्रिक्वेन्सीकडे ढकलायचा. तिथे डिजिटल फिल्टरने तो छाटायचा. असे फिल्टर चिपवर स्वस्तात मावू लागल्यावर, 1990 च्या दशकात 24 बिटांचे एडीसी सर्रास मिळू लागले. 5 व्होल्टांच्या पल्ल्यात 24 बिटांची पायरी 0.3 मायक्रोव्होल्टांची असते. आकडेबंदीचा नॉइज असा बाजूला झाला आणि संशयाची सुई पुन्हा उष्णतेकडे वळली, कारण फीडबॅकने तो नॉइज ढकलता येतो, उष्णतेचा ढकलता येत नाही. तो एडीसीच्या आतही असतो: नमुना धरून ठेवणारा 10 पिकोफॅरडचा कपॅसिटर दर वेळी सुमारे 20 मायक्रोव्होल्टांचा नॉइज सोबत धरून ठेवतो, मग त्याचा स्विच कितीही चांगला असो. असंख्य नमुन्यांची सरासरी काढूनच तो खाली आणावा लागतो.

नॅनोव्होल्टांच्या या प्रदेशात जुने, क्षुल्लक वाटणारे दोषही पुढे आले. दोन भिन्न धातूंचा प्रत्येक सांधा थर्मोकपल असतो. जुन्या ऑप-ॲम्पच्या धातूच्या डबीचे पाय कोवार या मिश्रधातूचे असत. तांब्याशी त्यांचा सांधा अंशाला 35 मायक्रोव्होल्टांहून जास्त देतो. पंख्याच्या झुळकीने एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित गार झाला की मीटरवरचा आकडा भरकटतो, आणि हे भरकटणे थेट फ्लिकर नॉइजसारखे दिसते. सर्किटवर झाकण ठेवले की निम्मे दुखणे जाते.

वजनकाट्यातला लोड सेल घेतला तर एकूण हिशेब डोळ्यांसमोर येतो. त्यात 350 ओहमचा स्ट्रेन गेज ब्रिज असतो. त्याला 5 व्होल्ट दिले तर पूर्ण भारावर तो जेमतेम 10 मिलिव्होल्ट परत करतो. ब्रिजचा स्वतःचा नॉइज 2.4 नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. 10 हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये तो 7.6 नॅनोव्होल्ट भरतो आणि टोकापासून टोकापर्यंत सुमारे 50. म्हणजे आदर्श, बिलकूल खरखर न करणारा ॲम्प्लिफायर लावला तरी 10 मिलिव्होल्टांचे स्थिर भाग 2 लाखच पडतात, साडेसतरा बिटांच्या आसपास. नॉइजच्या वर्गांची बेरीज होत असल्याने ॲम्प्लिफायरने ब्रिजइतकीच खरखर केली तर हे भाग 1 लाख 40 हजारांवर येतात. एडीसीच्या पाकिटावर 24 लिहिलेले असले तरी त्यापुढचे बारीक बिट या सेन्सरकडून येणारच नाहीत. ब्रिजला जास्त व्होल्टेज दिले तर सिग्नल वाढतो, पण गेज तापतात आणि शून्य सरकते. वाचन चौपट लांबवले तर एक बिट हाती लागतो. बहुतेक काट्यांत या दोहोंच्या मधली तडजोड केलेली असते, आणि ब्रिजला दिलेले व्होल्टेजच एडीसीचा रेफरन्स म्हणून वापरतात, म्हणजे पुरवठ्यातला चढउतार सिग्नलमध्ये आणि रेफरन्समध्ये सारखाच येऊन आकड्यातून निघून जातो.