क्येल्त्से ते परभणी : राजदूतच्या इंजिनाची गोष्ट

आजचा भाग एका इंजिनाचा आहे. राजदूत १७५. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड या पट्ट्यात ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांना ही गाडी वेगळी सांगायला नको. दुधाचे कॅन लटकवून शहरात येणारे गवळी, ग्रामसेवक, मास्तर, खेड्यावर पेशंट बघायला जाणारे डॉक्टर, सगळ्यांच्या बुडाखाली हीच गाडी असायची.

या भागासाठी मी एक काम केलं. नुसतं वाचून बोलण्यापेक्षा राजदूतचं एक बंद पडलेलं इंजिन परभणीतल्या एका जुन्या मेस्त्रींच्या हाताखाली बसून पूर्ण खोललं आणि पुन्हा बांधलं. त्याआधी मला प्लग साफ करण्यापलीकडे काही येत नव्हतं. काम करता करता लक्षात आलं, की या इंजिनाचा अर्धा इतिहास पुस्तकात सापडतो आणि अर्धा इंजिनातच.

आधी पुस्तकातला अर्धा सांगतो. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती, त्यामुळे तयार मोटारसायकली बाहेरून आणण्यावर कडक बंधनं आली. मग रस्ता एकच उरला : परदेशी कंपनीशी करार करायचा आणि गाडी इथं बनवायची. १९५५ साली मद्रासला इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डची बुलेट सुरू झाली. १९६१ मध्ये म्हैसूरला चेकोस्लोव्हाकियाची जावा आली, तीच पुढं येझदी झाली. आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एस्कॉर्ट्स कंपनीनं पोलंडशी करार करून राजदूत काढली.

राजदूतची आई म्हणजे पोलंडमधली एसएचएल एम-११. ती क्येल्त्से नावाच्या शहरात बनायची. त्याच सुमाराला एस्कॉर्ट्सनं पोलंडच्याच उर्सुसशी ट्रॅक्टरसाठी करार केला होता. पूर्व युरोपातल्या समाजवादी देशांशी आपला व्यवहार तेव्हा रुपयांत चालायचा, डॉलर लागत नसत. आपल्या काळ्या रानात पोलंडचं यंत्र कसं आलं, याचं उत्तर यात बरंचसं सापडतं.

आता गंमत बघा. पोलंडमध्ये एसएचएल मोटारसायकली १९७०च्या सुमाराला बंद झाल्या. आपल्याकडं राजदूत मात्र २००० सालानंतरही काही वर्षं बनत होती. १९७३ साली ‘बॉबी’ सिनेमात तिची छोटी बहीण जीटीएस चमकली. जाहिरातीत धर्मेंद्र होता. माहेरी विसरलेलं इंजिन सासरी तीसेक वर्षं जास्त जगलं. ते कशामुळं जगलं, हे मला इंजिन खोलल्यावर कळलं.

राजदूतचं इंजिन १७३ सीसीचं, एका सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकमध्ये असतात तसे व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन असलं काही यात नाही. ब्लॉकच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना त्या उघडतो, झाकतो. पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँककेसमध्ये येते, तिथं दाबली जाते आणि मग वर जाते. क्रँकला वेगळं ऑईल नाही. लिटरभर पेट्रोलमध्ये चाळीस-पन्नास मिली ऑईल मिसळायचं, तेवढ्यावरच आतल्या बेरिंगा जगतात.

हेड काढा, ब्लॉक उचला, पिस्टन हातात. मेस्त्री लोक याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात. नवशिक्याला एका दुपारी जमतं. ‘फुल इंजिन’ म्हणजे क्रँककेसच्या मधोमध दोन फाका करून क्रँक बाहेर काढायचा. तिथं पुलर लागतो, धीर लागतो.

आमची गाडी किक मारून मारून दमवायची, आणि चालू झालीच तर पांढऱ्या धुराचा लोट सोडायची. मेस्त्रींनी इंजिन न खोलताच सांगितलं, क्रँकचं सील गेलंय. टू-स्ट्रोकची क्रँककेस हवाबंद असावी लागते. सील कडक झालं की बाहेरची हवा आत घुसते, मिश्रण बिघडतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑईल आत ओढलं जातं आणि जळतं. तो पांढरा धूर त्याचाच. इंजिन अडवून ठेवणारी ही वस्तू रबराची एक लहानशी चकती होती.

मग ब्लॉक निघाला. पिस्टनवरचा कार्बन खरवडल्यावर खाली आकडा दिसला.

“चाचा, ही कितवी साईज?”

“पंच्याहत्तर पडलीय. एकच राहिली बघा.”

हे समजून घ्या. ब्लॉक झिजला की लेथवाला तो पाव मिलिमीटरनं मोठा बोअर करतो आणि त्या मापाचा पिस्टन घालतो. पाव, अर्धा, पाऊण, एक, अशा पायऱ्या. पाऊण म्हणजे या ब्लॉकला तीन साईज मोठा पिस्टन पडलाय. म्हणजे कुणीतरी पुन्हा पुन्हा पैसे जमवून, सुगी झाल्यावर म्हणा किंवा पगार झाल्यावर म्हणा, ही गाडी उभी केलीय. त्या माणसांची नावं कुठल्या दप्तरात नाहीत. पण त्यांचा हिशेब पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेला आहे.

आम्ही शेवटच्या साईजला गेलो. यानंतर स्लीव्ह घालावी लागेल. कनेक्टिंग रॉडही ढिला होता. राजदूतचा क्रँक दोन जड चकत्यांमध्ये पिन दाबून बनवलेला असतो. रॉड बदलायचा तर तो प्रेसवर सोडवायचा, पुन्हा दाबायचा आणि डायल लावून फिरवत सरळ करायचा. फरक मिलिमीटरच्या काही शतांशांत बसला पाहिजे, नाहीतर नव्या बेरिंगाही लवकर जातात. आमच्या चाचांनी हे काम जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या एका टर्नरकडं शिकलं. परभणी-मानवत-सेलू हा कापसाचा मुलूख. यंत्रात जीव असलेला माणूस इथं जिनिंगमध्येच घडायचा, नाहीतर पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये, नाहीतर एसटीच्या डेपोत. कंपनी फरीदाबादला होती, पण राजदूत जगवली ती या माणसांनी.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली. फोर-स्ट्रोक, ऑईल मिसळायची कटकट नाही, पेट्रोल कमी. पुढं धुराचे नियमही कडक झाले. राजदूत रस्त्यावरून घरामागच्या पत्र्याखाली गेली आणि बरीचशी तिथून भंगारात.

आता सरकारनं २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये फी. रोजच्या वापराला बंदी, रॅली-प्रदर्शनाला चालते. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा.

अट योग्यच आहे, नाहीतर लोक वाट्टेल ते इंजिन घालून आणतील. पण परभणीच्या राजदूतचं मूळ रूप कोणतं? कारखान्यातून निघाली तशी ती कधीच राहिली नाही. पिस्टन दुसरा, रॉड दुसरा, फाकांमधलं शेलॅक नवं. दुरुस्ती हेच तिचं आयुष्य होतं. संग्रहालयात चकचकीत रंग देऊन उभी केलेली राजदूत आपल्याला पोलंड सांगेल, फरीदाबाद सांगेल. मानवतचा टर्नर ती सांगणार नाही.

खरी काळजी गाडीची नाहीच. पिस्टन अजून शोधले तर मिळतात. क्रँक सरळ करणारे हात मात्र कमी होत चाललेत आणि ते काम कुणी लिहून ठेवलेलं नाही. चाचांच्या दुकानात आता शिकाऊ पोरगा नाही. म्हणून हे काम मी मोबाईलवर चित्रित केलं, प्रत्येक माप वहीत उतरवलं. इंजिन चालू झालं. पहिले पाचशे किलोमीटर ते सावकाशच चालवायचंय.

तुमच्या गावात असा मेस्त्री असेल तर एक दुपार त्याच्याजवळ बसा. वही सोबत न्या. आणि घरामागं पत्र्याखाली राजदूत असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचा पिस्टन कितव्या साईजचा आहे, तेवढं बघून आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.