साथीचा कायदा आणि दोनशे रुपये दंड

साथीच्या रोगांचा कायदा झाला ४ फेब्रुवारी १८९७ रोजी. मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, त्याला तेव्हा पुरते पाच महिनेही झाले नव्हते. कायदा अवघ्या चार कलमांचा. शाळा अर्धवट टाकून, शब्दकोश उशाला घेऊन कायदे शिकलेल्या आमच्यासारख्यालाही तो एका बैठकीत वाचून होतो. दुसऱ्या कलमाने सरकारला हवे ते नियम करण्याची मुभा दिली. नियम मोडणारा गुन्हेगार, असे तिसऱ्याने ठरवले. चौथ्याने, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, अशी हमी दिली. शिक्षा दंडसंहितेच्या १८८व्या कलमाची : एक महिना साधी कैद, किंवा दोनशे रुपये दंड, किंवा दोन्ही, माणसाच्या जिवाला धोका झाला तर सहा महिने आणि हजार रुपयांपर्यंत. गिरणीतल्या साध्या मजुराची वर्षाची कमाई त्या काळी दोनशे भरत नसे.

पण लोक भ्याले ते दंडाला नव्हे. रोग्याला इस्पितळात नेत, घरच्यांना छावणीत ठेवत, सामान जाळत. आणि तेवढे दिवस मजुरी बंद! कायद्याच्याही आधी, पालिकेच्या अधिकाराने ही ओढाताण सुरू झाली होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आम्ही त्या दगडफेकीचे समर्थन करीत नाही. आत रोगीच होते. पण ती का झाली, हे विचारलेच पाहिजे.

पुढे कामगारांनी निराळा मार्ग धरला. ते गावी निघून गेले. गिरण्या ओस पडू लागल्या, तेव्हा मालकांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून मजुरांसाठी चढाओढ करू लागली आणि महिनाअखेरचा पगार रोजच्या रोज हातावर पडू लागला. जे युनियनला वर्षे घालून मिळवावे लागते, ते प्लेगने काही आठवडे दिले. पुण्याचे रँडप्रकरण श्रोत्यांना पाठ आहे, ते सोडतो. मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्याच्या विणकरांनी एका आजारी मुलीला नेऊ दिले नाही. दंगल झाली, गोदीतल्या मजुरांनी आणि गाडीवानांनी काम थांबवले. त्यानंतर सक्ती सैल करावी लागली.

हाच कायदा २०२० साली पुन्हा बाहेर आला. त्या वर्षी त्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्याला कडक शिक्षा आली, आणि ते योग्यच झाले. घरी बसणाऱ्याच्या मजुरीविषयी मात्र ओळ आली नाही. १८८खाली गुन्हा नोंदलेला एक बांधकाम मजूर आमच्याकडे आला. म्हणाला, "दादा, घरी बसा म्हणतात. आमचं घर साइटवरच होतं, तीच बंद केली." १ जुलै २०२४पासून १८८ची जागा न्याय संहितेच्या २२३व्या कलमाने घेतली. त्याचा खटला जुन्याच कलमाचा. तीन तारखांना आम्ही बरोबर गेलो. तिन्ही दिवसांचा त्याचा रोज बुडाला.