घरची शिकवण आणि कामकऱ्याची सुटी



माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते एस.टी.च्या प्रवासात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा इतिहासावर मी बोलावे हे धाडसच आहे. शिवाय आजचा विषय माझ्या नेहमीच्या कामातला नाही. लहान मुलांना घरच्या घरी, त्यांच्या हातून काही करवून घेत, बायबलातील गोष्टी शिकविण्याची जी रीत आहे, तिच्याविषयी मी बोलणार आहे. मी ख्रिस्ती नाही. आणि कोणी कोणता धर्म घ्यावा हा वादही मला येथे करावयाचा नाही. परंतु नवापूर तालुक्यातील एका अंगणात मी जे पाहिले त्याने मला या इतिहासाकडे वळविले, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या दराची बोलणी करण्यासाठी मी त्या गावी गेलो होतो. घर मावची कुटुंबाचे. घरची बाई दोन मुलांना घेऊन अंगणात बसली होती. तिने चार जागा तयार केल्या होत्या. एक पायवाटेची टणक, दुसरी दगडगोट्यांची, तिसरीत काटेरी फांद्या रोवलेल्या, आणि चौथी खणून भुसभुशीत केलेली. मुलांनी प्रत्येक जागी चिमूट चिमूट ज्वारी टाकली व वर पाणी शिंपडले. येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दृष्टांत ती शिकवीत होती. बोलणे सारे मावचीत चालले होते. मराठी बायबल आत फळीवर होते आणि ते तिला अडखळतच वाचता येई. "कुठे काय उगवते ते रोज बघा," असे तिने शेवटी मुलांना सांगितले.

आमच्या या भागात, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, स्कँडिनेव्हियन मिशनरी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत आले. ही रीत त्यांनीच आणली असावी, असे मला प्रथम वाटले. वाचू लागलो तेव्हा कळले की तिचे मूळ फार मागे आहे.

खुद्द बायबलातच ती सापडते. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून गेले तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणून रचले. हेतू असा की, पुढे मुले विचारतील हे दगड कसले, आणि मग बापाने ती हकिगत सांगावी. वल्हांडणाच्या जेवणातही बेखमीर भाकरी आणि कडू भाजी मुलांच्या हाती देऊन मिसरातील गुलामगिरीची कथा सांगतात. आधी वस्तू, मग मुलाचा प्रश्न, आणि त्यानंतर गोष्ट, असा हा क्रम आहे.

या रीतीचे सामर्थ्य पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या कोकणात, कुलाबा जिल्ह्यात, बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहिले. त्यांची भाषा मराठी, धंदा मुख्यतः तेलाच्या घाण्याचा. त्यांच्यापाशी धर्मग्रंथ उरला नव्हता, हिब्रू भाषा विसरली होती. 'शमा' ही एक प्रार्थना तेवढी तोंडी राहिली होती. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. नव्या धान्याची खीर करून ते 'खिरीचा सण' पाळीत. शोकाच्या एका उपवासाचे नावच 'बिरड्याचा रोजा' असे पडले होते. त्यांच्यात एक कथा सांगतात. दावीद राहबी नावाच्या परदेशी ज्यू गृहस्थाने त्यांची परीक्षा घेण्यासाठी तेथील बायकांपुढे नाना प्रकारची मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली तेवढीच निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा त्यांनी वाचलेली नव्हती. आईच्या शेजारी बसून मासळी निवडता निवडता ती त्यांच्या अंगी आली होती. कथेतील तपशील कोणी मानो वा न मानो. ग्रंथ गेला तरी घर टिकले, ही गोष्ट मात्र खरी आहे.

पुढे छापील पुस्तक आले. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरहून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत १८०५ साली छापले. मिशनच्या शाळा निघाल्या, प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका निघाल्या, आणि भार पाठांतरावर पडू लागला. अशा काळात पंडिता रमाबाईंची कामगिरी मला मोठी वाटते. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, माती, कागद यांतून मुलाने स्वतः करून शिकावे, ही ती पद्धत. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलाचे भाषांतर केले, आणि ते तेथील स्त्रियांनी आपल्या हातांनी जुळवून छापले. युरोपातही मारिया मॉंटेसरी यांच्या पद्धतीने चाललेल्या बार्सिलोनाच्या शाळेत मुलांनी गहू पेरला आणि द्राक्षवेल लावले, ते प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस कोठून येतो हे कळावे म्हणून. आमच्या नवापूरच्या बाईने यांपैकी कोणाचेही नाव ऐकलेले नव्हते.

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीवर येतो. या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे मोकळा वेळ. शनवार तेल्याचा घाणा एक दिवस बंद राहू शके, कारण घाणा त्याचा स्वतःचा होता. गिरण्या-कारखाने आले आणि तो दिवस कामकऱ्याच्या हातून गेला. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली रविवारची शाळा काढली. तिची गरज पडली, कारण आठवड्याचे सहा दिवस मुले टाचण्यांच्या कारखान्यांत राबत. मुंबईच्या गिरणी कामगारांना तर रविवारही नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापून तो मागितला. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असेही त्यांनी मालकांस सांगितले. १८९० साली ती सुटी मिळाली. त्या दिवशी कोणी जेजुरीला जावो, कोणी देवळात, कोणी चर्चमध्ये, कोणी मुलाला मांडीवर घेऊन नुसते बसो. सुटी सर्वांची होती.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात शंभरात सुमारे ६९ लोक आदिवासी आहेत, आणि २०११ च्या शिरगणतीत शंभरात ६४ जणांनाच लिहिता-वाचता येत होते. अशा ठिकाणी घरची, मायबोलीतली, हाताने दिलेली शिकवण ही चैनीची वस्तू नव्हे. पण दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बारडोली-सुरतेकडे तोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. फडात रविवार नसतो. गाडी भरण्यासाठी मध्यरात्रीही उठावे लागते. मुले पालाशी असतात.

त्या बाईचा ट्रक तिसऱ्याच दिवशी आला. मी पुढल्या आठवड्यात हिशेबासाठी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा घराला कडी होती. अंगणातल्या चौथ्या जागेत बोटभर उंचीचे हिरवे कोंब आले होते. दगडांतले सुकले होते. पायवाटेवरचे दाणे पाखरांनी टिपले होते. दृष्टांत अक्षरशः खरा ठरला होता, पण ज्यांच्यासाठी तो मांडला ती मुले तेथे नव्हती.

मी खिशातून आमच्या मागण्यांचा कागद काढून पाहिला. टनामागे दर होता, विमा होता, मुकादमाचे कमिशन होते. आठवड्याच्या सुटीचे कलम नव्हते. इतक्या वर्षांत ते घालावे असे आम्हां कोणाला सुचले नव्हते, मलाही नाही. लोखंड्यांचे नाव भाषणांत घेणाऱ्या माणसाला ही लाज वाटावयास हवी, आणि मला ती वाटली.

त्या वर्षापासून ते कलम आमच्या यादीत पहिले आहे. अद्याप ते मिळालेले नाही. आपण येथे जमलेल्या सुशिक्षित मंडळींनी त्यास पाठिंबा द्यावा, एवढे मागून मी आपली रजा घेतो.