नाण्यांचीं भांडीं आणि कारागिरांचीं नांवें

राष्ट्राचा इतिहास राजवाड्यांत व रणांगणांवर शोधला जातो, तसाच तो घरांतल्या फडताळांतही शोधतां येतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जुन्या चांदीच्या भांड्यांचा संग्रह करणारे रसिक शंभराहून अधिक वर्षें हेंच करीत आले आहेत. त्यांच्या संग्रहांत सर्वांत अधिक आढळणारी वस्तु म्हणजे तोळा-सव्वा तोळ्याचा, पातळ पत्र्याचा चहाचा चमचा. त्याच्या दांड्याच्या पाठीवर कारागिराचें नांव ठोकलेलें असतें, आणि पुष्कळदां त्या नांवाशेजारीं आणखी एक शब्द असतो : ‘कॉइन’, म्हणजे नाणें. चमच्यावर नाण्याचें नांव कां यावें, या प्रश्नाच्या उत्तरांत त्या देशाच्या पहिल्या दोनशें वर्षांचा व्यवहार सांठविलेला आहे.

वसाहतींच्या काळीं बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया या शहरांत चांदी येई ती मुख्यतः नाण्यांच्या रूपानें. पोतोसीच्या डोंगरांत वेठीला धरलेल्या मजुरांनीं उकरलेली आणि मेक्सिकोच्या खाणींतून निघालेली चांदी स्पॅनिश डॉलर बनून व्यापाऱ्यांच्या हातीं पडे. पण हे डॉलर ठेवावयाचे कोठें? बोस्टनमध्यें मॅसॅच्युसेट्स बँक निघाली ती १७८४ मध्यें. तोंपर्यंत पैसा घरच्या पेटींतच असे, आणि चोरीला गेलेला एक डॉलर दुसऱ्या डॉलरपासून वेगळा ओळखूं येत नसे. म्हणून सधन गृहस्थ आपलीं नाणीं सोनाराकडे नेई. सोनार तीं आटवून त्यांचा पेला, वाडगा किंवा चमचे घडवी आणि त्यांवर मालकाचीं आद्याक्षरें कोरी. चोरी झाली तर त्या वस्तूचें वर्णन वर्तमानपत्रांत छापतां येई. अडचणीच्या वेळीं घडणावळीवर पाणी सोडून तेंच भांडें मोडीत काढतां येई. रुपये आटवून दागिने करणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांना ही रीत परकी वाटण्याचें कारण नाहीं. १८३५ नंतरच्या कंपनी सरकारच्या रुपयांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे, आणि त्यांतले किती रुपये तोड्यांत व वाळ्यांत गेले, याचा हिशेब कोणत्याच टांकसाळीच्या वहींत मिळावयाचा नाहीं.

नाणें आणि भांडें यांचें हें नातें अगदीं आरंभापासूनचें आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६५२ मध्यें स्वतःची टांकसाळ काढली, तेव्हां ती जॉन हल या बोस्टनच्या सोनाराकडे सोंपविली. हल व त्याचा भागीदार रॉबर्ट सँडर्सन हे शिलिंग पाडीत आणि चर्चसाठीं चांदीचे पेलेही घडवीत.

परंतु भांड्याच्या चांदीचा कस खरा आहे, हें ग्राहकानें ओळखावें कसें? लंडनमध्यें सोनारांच्या संघाच्या परीक्षागृहांत प्रत्येक जिन्नस तपासून त्यावर सरकारमान्य शिक्के मारीत. अमेरिकेंत तशी देशव्यापी व्यवस्था नव्हती. बाल्टिमोर शहरानें मात्र १८१४ मध्यें परीक्षागृह काढलें. त्याची सक्ती १८३० मध्यें संपली. इतरत्र कारागिराचें नांव हीच हमी असे. नवस्वतंत्र राष्ट्रानें १७९२ च्या कायद्यानें आपल्या डॉलरचा कस हजारांत सुमारें ८९२ भाग ठरविला आणि १८३७ मध्यें तो ९०० केला. ब्रिटिश ‘स्टर्लिंग’ चांदीचा कस ९२५. या दोहोंतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. १८३० च्या सुमारापासून ‘कॉइन’, ‘प्युअर कॉइन’, ‘डॉलर’ असे ठसे जे दिसूं लागले ते या राष्ट्रीय नाण्याच्या कसाची ग्वाही देण्यासाठीं. याचा अर्थ असा, कीं ‘कॉइन’ ठशाचा प्रत्येक चमचा नाणीं आटवूनच झाला, असें समजण्याचें कारण नाहीं. कांहीं कारागीर तर इंग्रजी शिक्क्यांसारखे दिसणारे खोटे शिक्केही मारीत. म्हणून संग्राहकाला ठशापेक्षां ठसा मारणाऱ्याची ओळख अधिक महत्त्वाची वाटते.

या नांवांत सर्वांत गाजलेलें नांव पॉल रिव्हिअर याचें. १७७५ च्या एप्रिलांत रात्रीं घोड्यावरून दौडत जाऊन त्यानें इंग्रज फौजेच्या हालचालींची सूचना दिली, म्हणून त्याची कीर्ति झाली. पण त्याचा धंदा सोनाराचा. १७६८ मध्यें त्यानें घडविलेला ‘सन्स ऑफ लिबर्टी’ वाडगा प्रसिद्ध आहे. राजाज्ञेपुढें मान न तुकविणाऱ्या ९२ लोकप्रतिनिधींचा गौरव त्यावर कोरलेला आहे. दुसरें नांव पीटर बेंट्झन याचें. आफ्रिकी वंशाचा हा स्वतंत्र कारागीर वेस्ट इंडीजमध्यें जन्मला आणि सेंट क्रॉय व फिलाडेल्फिया येथें काम करीत असे. तो आज इतिहासाला ठाऊक आहे तो त्यानें आपल्या कामावर ठोकलेल्या नांवामुळें. चार्ल्स्टनसारख्या शहरांत सोनारांच्या दुकानीं गुलामही राबत. त्यांच्या हातच्या कामावर नांव पडे तें मालकाचें. नांवांचा हा इतिहास किती अपुरा आहे, तें येथें कळून येतें.

मालकांच्या आद्याक्षरांचीही एक भाषा आहे. अठराव्या शतकांतल्या भांड्यांवर तीन अक्षरें त्रिकोणांत असतात : वर आडनांवाचें, खालीं पतीच्या व पत्नीच्या नांवाचें. पुढील शतकांतल्या आहेराच्या चमच्यांवर पुष्कळदां वधूच्या माहेरच्या नांवाचीं अक्षरें दिसतात. चमच्याच्या घाटावरून त्याचा काळही ठरवितां येतो. शवपेटीसारख्या टोकाचा दांडा १८०० नंतरच्या दहा वर्षांतला. त्यामागून फिडलसारखा दांडा आला, आणि त्यावर गव्हाची पेंढी किंवा फुलांची परडी उठविण्याची चाल पडली.

या कलेचा अस्त हळूहळू झाला. १८४० मध्यें बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं विजेच्या साह्यानें मुलामा देण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें आणि चांदीसारखें दिसणारें स्वस्त सामान निघूं लागलें. १८५९ मध्यें नेवाडाच्या बाजूस कॉमस्टॉकची मोठी खाण सांपडली आणि देशांतच चांदी मुबलक झाली. टिफनी कंपनीनें १८५१ मध्यें व गोरहॅम कंपनीनें १८६८ मध्यें स्टर्लिंगचा कस स्वीकारला. ‘कॉइन’ हा शब्द मागें पडला आणि गांवोगांवच्या सोनारांचीं नांवेंही मागें पडलीं.

जुन्या वस्तूंची खरी पारख पुढें विसाव्या शतकांत झाली. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयानें १९०६ मध्यें अमेरिकन चांदीचें प्रदर्शन भरविलें; १९३० मध्यें फ्रान्सिस गार्व्हन यांनीं आपला मोठा संग्रह येल विद्यापीठास दिला. मधल्या काळांत मात्र पुष्कळ हानि झाली होती. दारूबंदीच्या चळवळीच्या भरांत मद्याच्या पेल्यांना तोटी बसवून त्यांचीं पाण्याचीं भांडीं करण्यांत आलीं. परक्यांचीं अक्षरें नकोत म्हणून गिऱ्हाइकें तीं घासून काढवीत. जेथें अक्षरें घासलीं गेलीं तेथें पत्रा बोटाला पातळ लागतो. वस्तु राहते, पण ती कोणाची होती हें सांगणारा पुरावा जातो.

१९४९ मध्यें बोस्टनच्या संग्रहालयानें रिव्हिअरचा वाडगा विकत घेतला, तेव्हां वर्गणीदारांत सातशें शाळकरी मुलें होतीं. पूर्वीं नाण्यांचीं भांडीं होत. येथें मुलांच्या नाण्यांनीं एक भांडें राष्ट्रासाठीं राखलें. साध्या चमच्याला असें भाग्य लाभत नाहीं. जानेवारी १९८० मध्यें चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरांत गेला. वर्षापूर्वीं तो सहा डॉलरच्या सुमारास होता. त्या लाटेंत असंख्य घरांतली जुनी चांदी मोडीत निघाली. तराजूला नांव वाचतां येत नाहीं. तें वाचणारा कोणी वेळेवर भेटला तरच सव्वा तोळ्याचा चमचा वांचतो आणि त्याबरोबर एखाद्या खेड्यांतल्या सोनाराचें व एखाद्या वधूचें नांव वांचतें.