आंबेडकरांचा १९१६ मधील निबंध व त्याचे श्रोते

न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रापुढे ९ मे १९१६ रोजी भीमराव आंबेडकर यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास या विषयावर निबंध वाचला. त्या वेळी ते २५ वर्षांचे विद्यार्थी होते. निबंधाचे पुष्कळ विवेचन झाले आहे. त्याच्या श्रोत्यांकडे मात्र क्वचितच लक्ष गेले आहे.

जातिसंस्था ज्या समाजाला अपरिचित, तेथे ती समजावून द्यावयाची होती. म्हणून आरंभीच प्रदर्शनाचा दृष्टान्त येतो: वस्तूंची प्रदर्शने सर्वांनी पाहिलेली असतात, मानवी संस्थांचेही प्रदर्शन मांडता येईल ही कल्पना मात्र थोड्यांनाच सुचते. पुढील विवेचनही केवळ हिशेबाचे आहे. बहिर्विवाही समाजात एखाद्या गटाने अंतर्विवाह स्वीकारला, की त्या गटातील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राखावी लागते. पती वारला तर स्त्री अतिरिक्त ठरते; तिची व्यवस्था सहगमनाने किंवा सक्तीच्या वैधव्याने होते. पत्नी वारली तर पुरुष अतिरिक्त ठरतो. त्याच्यासाठी अल्पवयीन वधू शोधली जाते. हे समजण्यास शास्त्रग्रंथांच्या परिचयाची गरज नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जातिविषयक इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये अमेरिकेतच निघाला होता. केतकरांची जातीची दोन लक्षणे, म्हणजे बाहेरील विवाहास बंदी आणि जन्मानेच सभासदत्व, ही वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू होत, असे आंबेडकरांनी दाखविले. आणि तेही केतकरांविषयी आदर राखून.

मे १९१७ मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला गेला. पुढे १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषण लिहिले. मंडळास ते मानवले नाही, परिषद रद्द झाली, आणि आंबेडकरांनी ते स्वतःच छापले. येथे अभिप्रेत श्रोते हिंदू सुधारक होते. त्यांना जात म्हणजे काय हे सांगावयाचे नव्हते. शास्त्रांचे प्रामाण्य सोडा, असे सांगावयाचे होते.

या भाषणात १९१६ चा निबंध सामावून घेण्याचा आपला विचार होता, परंतु सवड मिळाली नाही, असे आंबेडकरांनी १९४४ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. सवडीचा अभाव खराच असावा. तथापि तो एकच अडसर होता असे वाटत नाही. परक्यांसाठी जुळविलेला हिशेब आणि स्वकीयांना केलेले आवाहन एका ग्रंथात बसवावयाचे, तर दोहोंपैकी एक नव्यानेच लिहावे लागले असते.